रस्ते वाढले, वाटा मिटल्या

नगरांच्या वाढीचा हिशेब मांडताना आपल्याकडे काही ठरावीक आकडे सांगण्याची प्रथा पडून गेली आहे. लोकसंख्या किती झाली, किती किलोमीटर रस्त्यांचे काँक्रीटीकरण झाले, किती इमारतींना परवानगी मिळाली, हे आकडे निवडणुकीच्या जाहीरनाम्यांत आणि अंदाजपत्रकावरील भाषणांत हटकून येतात. परंतु त्या रस्त्यांपैकी किती रस्ते पुढे दुसऱ्या रस्त्याला जाऊन मिळतात आणि किती एखाद्या भिंतीपाशी संपतात, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आमच्या मते नगराच्या प्रकृतीची खरी परीक्षा याच प्रश्नात आहे. वसई-विरारच्या पट्ट्यात गेल्या तीन-साडेतीन दशकांत जी कोंडी निर्माण झाली, ती बऱ्याच अंशी या प्रश्नाकडे पाठ फिरवल्यामुळे झाली. आणि तिच्यात शासन व बांधकाम व्यावसायिक यांच्याबरोबरच, जमिनी विकणाऱ्या आणि सदनिका विकत घेणाऱ्या आपल्या कुटुंबांचाही वाटा आहे. हे म्हणणे काहींना कटू वाटेल, तरी ते मांडणे आम्हांला भाग आहे.

जुन्या वसईला कोणी नगररचनाकार लाभला नव्हता, तरी तिथे वाटांचे जाळे होते. वाडीच्या बांधावरून, बावखलाच्या कडेने, दोन घरांच्या पडवींमधून निघणारी वाट एका आळीतून दुसऱ्या आळीत, तिथून चर्चकडे, बाजाराकडे, स्टेशनाकडे जात असे. पहाटेच्या गाडीने फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या मुंबईस नेणाऱ्या आपल्या मायबहिणी याच वाटांनी चालत गेल्या. वाडीचा मालक वाट अडवीत नसे, आणि यात केवळ मनाचा मोठेपणा होता असे नाही. त्यालाही पुढे दुसऱ्याच्या वाडीतूनच जायचे असे. परस्परांच्या गरजेवर उभा असलेला हा अलिखित करार कित्येक पिढ्या पाळला गेला. गावनकाशा काढून पाहिला तर अशा कित्येक पायवाटा आणि गाडीवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या आजही दिसतात. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावे, तर त्या रेषेवर कुंपणाची भिंत उभी असते.

१९८८ साली शासनाने वसईचा हरित पट्टा बांधकामासाठी खुला केला आणि १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून येथे नेमणूक झाली. त्या धोरणाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, तो आपल्या समाजाच्या इतिहासातील एक अभिमानाचे पान आहे. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली. या साऱ्या काळात वाद झाला तो प्रामुख्याने बांधकाम किती व्हावे यावर, आणि तो होणे आवश्यकच होते. मात्र जे बांधले जाईल ते एकमेकांशी कसे जोडले जाईल, या प्रश्नाकडे त्या मानाने फार थोड्यांचे लक्ष गेले. त्याचा लाभ ज्यांना घ्यायचा त्यांनी घेतला.

हे कसे घडते ते एकदा नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या वाड्या बहुधा लांबट आणि अरुंद. वाटण्या होत होत त्यांच्या पट्ट्या झालेल्या. त्यांतील एक पट्टी विकली जाते. घेणारा मुख्य रस्त्यापासून पट्टीच्या टोकापर्यंत एक अंतर्गत रस्ता काढतो, दोहों बाजूंना इमारती उभ्या करतो, तिन्ही बाजूंनी भिंत घालतो आणि चौथ्या बाजूस फाटक व पहारेकरी बसवतो. दोन वर्षांनी शेजारची पट्टी विकली जाते, तिथेही तसेच. दहा वर्षांनी नकाशा पाहावा तर फणीसारखी आकृती दिसते. मुख्य रस्ता हा फणीचा कणा आणि संकुलांचे रस्ते हे तिचे दात. एका दाताच्या टोकावरून शेजारच्या दाताच्या टोकावर जाण्यास वाट नाही. ज्या दोन कुटुंबांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर आहेत आणि ज्यांना एकमेकांच्या फोडणीचा वास येतो, त्यांना भेटायचे तर कण्यापर्यंत जाऊन पुन्हा आत यावे लागते. भिंतीतून जे अंतर वीस पावलांचे, ते रस्त्याने अर्ध्या-पाऊण किलोमीटरचे होते. आणि अशा प्रत्येक दातातील प्रत्येक वाहन एकाच कण्यावर येऊन पडते. मग 'वाहतूक वाढली, रस्ता रुंद करा, उड्डाणपूल बांधा' अशी ओरड सुरू होते.

वास्तविक हा साधा हिशेबाचा प्रश्न आहे. कल्पना करा की एका वस्तीत रस्ते आडवे-उभे, एकमेकांना छेदणारे आहेत, आणि आपल्याला चार चौक पूर्वेस व चार चौक उत्तरेस जायचे आहे. लांबचा फेरा न घेता जाण्याचे किती मार्ग असतील? शालेय गणित येणारा कोणीही मुलगा सांगेल : सत्तर. त्यांतला रस्त्याचा कोणताही एक तुकडा खोदकामासाठी बंद झाला, तरी वाईटात वाईट स्थितीत पस्तीस मार्ग शिल्लक राहतात. फणीसारख्या किंवा झाडाच्या फांद्यांसारख्या रचनेत मात्र मार्ग नेहमी एकच असतो. तो बंद झाला की सारेच संपले. सत्तर आणि एक यांतील हे अंतर कितीही रुंद रस्ता बांधून भरून निघत नाही, कारण रस्त्याची रुंदी आणि रस्त्यांची जोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपले राज्यकर्ते पहिलीवर कोट्यवधी रुपये खर्च करतात आणि दुसरीचे नावही घेत नाहीत.

ही विकृती केवळ वसईची नाही. तिचे मूळ शोधू गेल्यास अमेरिकेत जावे लागते. तेथे १९२९ साली न्यू जर्सी राज्यात रॅडबर्न नावाची वसाहत 'मोटारयुगाचे नगर' म्हणून उभारण्यात आली आणि तिच्यात पुढे वाट नसलेल्या गल्ल्यांना मोठे स्थान मिळाले. रॅडबर्नच्या रचनाकारांनी निदान पादचाऱ्यांसाठी आतून वेगळ्या वाटा ठेवल्या होत्या. पुढे अनुकरण करणाऱ्यांनी गल्ल्या तेवढ्या उचलल्या आणि पायवाटा सोडून दिल्या. १९३० नंतरच्या दशकात तेथील संघराज्य शासनाच्या गृहनिर्माण खात्याने कर्जहमी देताना अशाच रचनेची शिफारस केली, आणि अर्धशतकाहून अधिक काळ अमेरिकन उपनगरे त्याच साच्यात ओतली गेली. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की, रस्त्यांच्या तुटलेपणाची ही लाट अमेरिकेत १९९४ च्या सुमारास शिगेला पोहोचली आणि त्यानंतर नव्या वस्त्यांत ओसरू लागली. २००९ मध्ये व्हर्जिनिया राज्याने तर नियम केला की, ज्या नव्या वस्तीचे रस्ते शेजारच्या वस्तीशी जोडलेले नसतील, त्यांच्या देखभालीचा भार राज्य उचलणार नाही. ज्यांनी हा प्रकार जगाला शिकवला, तेच त्यापासून मागे फिरू लागले होते. आणि नेमक्या त्याच वर्षांत आपण तो नवी प्रगती म्हणून डोक्यावर घेतला.

याच दोघा संशोधकांचा जगभराचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सर्वाधिक लोकसंख्येच्या १३४ देशांपैकी ९० टक्के देशांत १९७५ पासून नव्या वस्त्यांतील रस्ते पूर्वीपेक्षा कमी जोडलेले होत गेले आहेत. २००० सालानंतर सुधारणेकडे कल दिसतो तो केवळ २९ टक्के देशांत. फाटकबंद संकुलांत आढळणाऱ्या वळशांच्या रस्त्यांचे प्रमाण त्या काळात जवळजवळ दुप्पट झाले. आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, हा दोष टिकाऊ आहे. जिथे एकदा तुटक रस्ते पडले, तिथे पुढची वाढही तुटकच होत जाते.

या टिकाऊपणाची साक्ष इतिहासही देतो. १६६६ च्या भीषण आगीत लंडनचा जुना गाभा जळून गेला. ख्रिस्तोफर रेन यांनी नव्या, रुंद, सरळ रस्त्यांचा आराखडा तयार केला. पण राखेखालच्या जमिनीचे मालक आणि त्यांच्या हद्दी कायम होत्या, आणि लंडन बहुतांशी जुन्याच गल्ल्यांवर पुन्हा उभे राहिले. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को शहराचेही तेच झाले. इमारत पन्नास-साठ वर्षांनी पाडून नवी बांधता येते. रस्त्याची रेषा मात्र शतकानुशतके हलत नाही, कारण तिच्या दोहों बाजूंना मालकी हक्क गोठलेले असतात. म्हणून आज एखाद्या वाडीचा नकाशा मंजूर होताना जी भिंत घातली जाते, ती आपल्या नातवंडांच्याही पतवंडांना वळसा घालायला लावणार आहे. आम्ही हा विषय इतक्या कळकळीने मांडतो तो यासाठीच.

या वळशाची किंमत कोण मोजतो? ज्याच्या दाराशी मोटार उभी आहे तो मोजत नाही. त्याला चार मिनिटे अधिक लागतात इतकेच. किंमत मोजते ती सकाळच्या मिस्सेला पायी जाणारी म्हातारी. शाळा भिंतीपलीकडे दिसत असूनही ज्या मुलाला मोठ्या रस्त्याच्या कडेने, डंपर आणि रिक्षांमधून जीव मुठीत धरून जावे लागते, ते मूल मोजते. घरकामासाठी चार संकुलांत फिरणारी बाई मोजते. बसगाडी अशा वस्तीच्या आत शिरू शकत नाही, कारण शिरली तर तिला पुढे निघण्यास वाट नसते. म्हणून बस येत नाही, म्हणून प्रत्येक घरी दुचाकी येते, म्हणून कण्यावरची गर्दी आणखी वाढते. १० जुलै २०१८ रोजी पावसाचे पाणी नालासोपाऱ्याच्या रुळांवर चढून वसई-विरार दरम्यानची गाडी बंद पडली आणि अनेक वस्त्या पाण्याने वेढल्या गेल्या. पूर येण्याची कारणे निराळी आहेत, त्यांचा दोष आम्ही रस्त्यांच्या जोडीवर टाकीत नाही. पण ज्या वस्तीला बाहेर पडण्याची वाट एकच आणि तीच सखल, त्या वस्तीला अशा दिवशी मदत कोणत्या बाजूने पोहोचणार, एवढे तरी विचारलेच पाहिजे.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला सुरक्षेचा. वाट खुली ठेवली तर चोर येतील, परका माणूस आत फिरेल, मुलांना अंगणात खेळता येणार नाही. या भीतीची आम्ही टिंगल करीत नाही. ज्यांच्या घरी मुली एकट्या असतात त्यांची चिंता खरी आहे. परंतु वाहनाला वाट देणे आणि माणसाला वाट देणे यांत फरक करता येतो. नेदरलँड्समधील हाउटेन या नगरात मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात जायचे तर बाहेरच्या वळणरस्त्याने फिरून जावे लागते; पायी आणि सायकलने जाणाऱ्याला मात्र सरळ वाट आहे. बार्सिलोनात २०१६ पासून काही चौक एकत्र करून त्यांतून आरपार जाणारी वाहने रोखण्यात आली, माणसे नव्हेत. आपण नेमके उलटे केले : मोटारीसाठी फाटक उघडते आणि पायी चालणाऱ्यासाठी भिंत उभी असते. शिवाय ज्या वाटेवर दिवसभर ओळखीची चार माणसे जातयेत असतात, तिथे चोराला संकोच वाटतो. दोन भिंतींमधील निर्मनुष्य बोळात तो वाटत नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यांचा अभ्यास करून जेन जेकब्स यांनी १९६१ सालीच हे सांगून ठेवले आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. रस्ता आला की मागोमाग बिल्डर येतो. म्हणून वाडी वाचवायची तर रस्ता येऊच देऊ नये, असे ते म्हणतात. पस्तीस वर्षांच्या कटू अनुभवातून हे मत बनले आहे. तरीही ते अपुरे आहे, असे आम्ही नम्रपणे म्हणू. हिरव्या पट्ट्याच्या मधोमध नवा रुंद रस्ता नेण्यास आमचाही विरोध आहे. आम्ही बोलतो आहोत ते जिथे बांधकाम झालेच आहे किंवा होणारच आहे त्या जागेविषयी. तेथील वस्ती एकमेकींशी जोडलेली असेल, तर थोड्या जागेत अधिक माणसे सुखाने राहू शकतात आणि स्टेशनपर्यंत पायी जाऊ शकतात. ती तुटक असेल, तर प्रत्येक संकुलाला स्वतःचा पोचरस्ता लागतो, स्वतःचा वाहनतळ लागतो, गर्दीला कंटाळलेली माणसे आणखी दूरची वाडी शोधतात, आणि पसारा पुढे सरकतो. तुटलेले नगर हावरे असते. तेच उरलेल्या केळीच्या बागांवर आणि बावखलांवर डोळा ठेवते.

'आता दुसरा उपाय तरी काय होता?' असे विचारणाऱ्यांना आम्ही इतिहासाचे एक पान उलटायला सांगू. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि दादर-माटुंग्याची आखीव वस्ती तिच्या योजनेतून उभी राहिली. तिच्या रस्त्यांवरून आजही कोणीही आरपार जाऊ शकतो. पॅट्रिक गेडिस यांनी १९१५ मध्ये मुंबई इलाख्यातील सहा शहरांच्या पुनर्रचनेवर अहवाल लिहिले. जुन्या गल्ल्या सरसकट उद्‍ध्वस्त न करता शस्त्रवैद्याच्या हलक्या हाताने जिथे आवश्यक तिथेच छेद घ्यावा, ही त्यांची शिकवण. त्याच १९१५ साली मुंबई नगररचना कायदा झाला. त्यातील नगररचना परियोजनेची कल्पना आपल्यासारख्या छोट्या जमीनमालकांसाठीच जणू केलेली आहे. एका परिसरातील सर्व पट्ट्या कागदावर एकत्र करायच्या. आधी रस्ते, बाग, शाळा यांची जागा काढायची. आणि उरलेली जमीन चांगल्या आकाराच्या भूखंडांत ज्याची त्याला परत द्यायची. जमीन थोडी कमी होते, परंतु जी मिळते तिला रस्ता असतो आणि मोल वाढलेले असते. कोणी एकटा लुटला जात नाही, कोणी एकटा गबर होत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातही ही तरतूद कायम राहिली. पण गुजरातने ती सातत्याने वापरली, अहमदाबाद तिच्यावर वाढले, आणि महाराष्ट्राने ती कित्येक दशके कपाटात ठेवून दिली. अलीकडे पुण्याजवळ आणि नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात तिच्यावरची धूळ झटकली गेली आहे. वसईनेच तिच्यावाचून का राहावे? आपल्या समाजाला तर हा विचार परका नसावा. वांद्र्यात १९१८ साली सालसेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिच्या बंगल्यांसमोरचे रस्ते वाटसरूला खुले राहिले. समाजाची वसाहत उभारायची तर तिला फाटक घालावेच लागते, असे त्या पिढीला वाटले नाही.

आता काय करावे, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. ज्यांच्या वाडीतून जुनी वाट जाते, त्यांनी गावनकाशाची प्रत काढून ती वाट नकाशावर आहे की नाही ते पाहावे. वीस वर्षे उघडपणे, विनाअडथळा आणि हक्काने वापरलेल्या वाटेवर १८८२ च्या इझमेंट कायद्याने वहिवाटीचा हक्क मिळू शकतो. शेताकडे जाणारी वहिवाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. आणि शेताच्या हद्दीवरून रस्ता देण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ ने तहसीलदारास दिला आहे. सहा महिने ही मुदत फार थोडी आहे. घरी बसून हळहळण्यात ती निघून जाते. ज्यांना जमीन विकायचीच आहे, त्यांनी भाव ठरवताना एक अट खरेदीखतात लिहून घ्यावी : मागच्या बाजूस शेजारच्या जागेशी जोडणारी वाट खुली राहील. घेणारा कुरकुरेल, चार पैसे कमी देईल. ते चार पैसे सोडण्याची तयारी नसेल, तर उद्या वाहतुकीच्या कोंडीबद्दल तक्रार करण्याचा नैतिक अधिकारही आपण सोडला असे समजावे. ज्यांनी संकुलात घर घेतले आहे, त्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभेत मागच्या भिंतीत पादचाऱ्यांसाठी दिंडी ठेवण्याचा ठराव मांडावा. ती रात्री बंद करायची असेल तर करावी, पण दिवसा उघडी असावी. आणि विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा प्रत्येक धर्मग्रामातून जोडरस्त्यांची यादी लेखी गेली पाहिजे. नुसत्या निषेधाच्या अर्जांना केराची टोपली दाखवणे सोपे असते. नकाशावर रेघ ओढून दाखवलेल्या सूचनेला उत्तर द्यावे लागते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या प्रेषितीय उद्बोधनात नगरांविषयी लिहिताना, घरे आणि वस्त्या आज माणसांना जोडण्याऐवजी अलग पाडण्यासाठी बांधल्या जात आहेत, अशी खंत व्यक्त केली होती. आपण ते वाचले, मान डोलावली आणि घरी येऊन कुंपणावर काचांचे तुकडे बसवले. हा दुटप्पीपणा संपवायचा तर आरंभ ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या आवारापासून व्हावा. चर्च, शाळा, मठ आणि सभागृहे यांच्या आवारांतून पूर्वी ज्या वाटा जात होत्या, त्यांपैकी ज्या सुरक्षेच्या नावाखाली बंद झाल्या असतील, त्या दिवसाच्या वेळी तरी सर्वधर्मीय वाटसरूंसाठी पुन्हा खुल्या कराव्यात, अशी आमची धर्मग्राम मंडळांना जाहीर विनंती आहे. आपले फाटक बंद ठेवून शेजाऱ्याला भिंत पाडा असे सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. येत्या काही वर्षांत वसईच्या उरलेल्या कितीतरी वाड्यांचे नकाशे मंजुरीला जातील. त्यांवर सही करणारे हात बऱ्याच वेळा आपल्याच घरांतले असतील. त्या हातांनी सही करण्यापूर्वी नकाशावर वाट कुठे आहे ते एकदा बोट ठेवून विचारावे.